जालिंदररावांचा उजवा हात

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. तेहेतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, दुसऱ्याच्या चुकांवर लाल शाई ओतली, त्यामुळे स्वतःची चूक कबूल करायची सवय मला फार उशिरा लागली. ती लावली जालिंदररावांनी, आणि तीही उपदेशाचा एकही शब्द न बोलता.

निवृत्त झाल्यावर मी एक चाकांवरचं घर विकत घेतलं. जीपच्या मागे जोडायचं, आत पलंग, शेगडी, संडास. शेजारी म्हणाले, सरांना म्हातारपणी खूळ लागलं. लागलं तर लागलं! माझ्या बायकोची, वच्छलाची, पाठ गेलेली. तासभर बसली की तिला आडवं व्हावं लागतं. अशा बाईला करमाळ्याला माहेरी न्यायचं तर पलंगच बरोबर न्यायला हवा, एवढं साधं गणित होतं.

घर दारात आलं त्या दिवशी पूजा केली. गाडीचा नारळ चाकाजवळ जमिनीवर फोडतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी मात्र उत्साहाच्या भरात तो घराच्या पुढच्या कोपऱ्यावरच आपटला. वाटलं, लोखंड असेल. निघालं ॲल्युमिनियम! नारळ फुटला नाही, पण कोपरा मूठभर आत गेला आणि पत्र्याचा जोड उकलला. वच्छला पलीकडच्या बाजूला उदबत्ती लावत होती. ती वळसा घालून येईपर्यंत मी त्या खळग्यावर सिद्धेश्वराचं चित्र असलेलं मोठं स्टिकर चिकटवून मोकळा झालो. देवाचं चित्र कोण सोलून बघणार?

कुणी बघितलं नाही. एक अख्खा पावसाळा मात्र त्या चित्रामागून आत जात राहिला. भाद्रपदात पलंगाजवळच्या भिंतीला मी बोट लावलं तर ते सरळ आत रुतलं. घटस्थापनेला करमाळ्याला पोचायचं ठरलेलं, आणि भिंत कुजलेली.

म्हणून घर घेऊन जालिंदररावांकडे गेलो. सात रस्ता चौकाच्या पुढे एका गल्लीत त्यांचं पत्र्याचं शेड आहे. जालिंदर गायकवाड, डेंटर, म्हणजे गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारे. वय एकसष्ट. चौदाव्या वर्षी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात शिरले, ते पत्र्यालाच चिकटले. इतर कारागीर खड्ड्यात लांबी भरतात. लांबी म्हणजे तो लगदा, वाळला की दगड होतो आणि वरून रंग मारला की सगळं झकास दिसतं. जालिंदररावांना लांबीचा राग. पत्रा ठोकूनच सपाट करायचा, मग डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा तळवा त्यावरून फिरवायचा. "डोळ्याला पत्रा फसवतो सर, हाताला न्हाय," म्हणायचे. गावातले चांगले चांगले गाडीवाले त्यांच्या तळव्याचा निकाल निमूट मान्य करत.

त्यांनी कोपऱ्यावरचं स्टिकर पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"देव तुमचा हाय सर. तुमीच काढा."

मी नखानं कड उचलली. आतून काळं पाणी ओघळलं, थेट माझ्या चपलेवर. वच्छला माझ्याकडे बघत राहिली.

"हे कधी झालं?" तिनं विचारलं.

मी चपलेवरचं पाणी झटकू लागलो.

"नारळ का, सर?" जालिंदररावांनी हळूच विचारलं. "वर्षाला दोन तरी येत्यात बगा असली."

माझी अब्रू तिथंच गेली. पण या माणसाबद्दल मला माया वाटू लागली तीही तिथूनच.

कामाला तीन दिवस लागणार होते. मी रोज स्टूल टाकून बसायचो. त्यांनी जोडाची रिबिटं, ते चपटे खिळे, काढून कोपऱ्याचा पत्रा सोलला, आतला कुजका प्लाय कापून नव्याचं माप घेतलं. पत्रा मऊ करायची त्यांची रीत बघण्यासारखी. आतल्या बाजूनं कपडे धुवायचा साबण घासायचा आणि खालून आगीचा झोत द्यायचा. साबण काळा पडला की झोत बंद. त्याच्या पुढे एक क्षण गेला तर ॲल्युमिनियम वितळून भोक पडतं.

शुक्रवारी दुपारी साबण काळा पडला. त्यांनी झोत बंद केला, आणि सवयीनं उजवा तळवा पत्र्यावर टेकला.

टेकला आणि तसाच ठेवला.

आधी मला वास आला. मग कळलं. "जालिंदरराव, हात!" मी ओरडलो. त्यांनी हात उचलला, उलटा करून बघितला. कातडी पांढरी पडली होती. चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नाही. भीती मात्र होती.

"उन्हाळ्यापासनं असंच हाय," ते म्हणाले. "बोटांस्नी कायबी कळंना. साखर हाय न्हवं अंगात." मग माझा दंड धरला. "सर, धम्माला सांगू नका. तुमाला बाबासायबांची शपथ."

धम्मा म्हणजे धम्मप्रिया, त्यांची मुलगी. एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. माझीच विद्यार्थिनी, वर्गात माझी चूक फळ्यावर येऊन दाखवणारी एकमेव. मागच्या वर्षी जालिंदररावांच्या पायात पत्र्याची कपची गेली, आठ दिवस त्यांना कळलंच नाही. शेवटी करंगळी काढावी लागली. तेव्हाच धम्मप्रियानं बजावलं होतं, हातालाही असं झालं तर शेडला कुलूप, आणि ते ती स्वतः लावणार. जालिंदरराव तिला छातीठोक सांगत आले होते, हाताला सगळं कळतं.

त्याच संध्याकाळी ती स्कूटीवरून आली. बापानं आधीच हातमोजा चढवलेला. ती माझ्याशेजारी उभी राहिली.

"सर, बाबांचं ठीक चाललंय न्हवं? तुमी खोटं बोलत न्हाई, म्हणून तुमाला विचारते."

"उत्तम चाललंय," मी म्हणालो.

रात्री जेवण गेलं नाही. एकीकडे शपथ, दुसरीकडे ती पोर. वच्छलाला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही पुन्हा स्टिकर लावलंत." मी तिच्यावर खेकसलो. खरं बोललेलं मला कधी सोसलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी पाचला पत्रा कोपऱ्यावर चापांनी धरून बसवला होता. रिबिटं सोमवारी सकाळी मारायची, आतून नवा प्लाय लावायचा आणि लगेच निघायचं. पत्र्याची आतली बाजू अजून उघडी होती. जालिंदररावांनी हातमोजा काढला, डोळे मिटले, तळवा तीनदा फिरवला.

"झालं," म्हणाले. "काच हाय काच."

ऊन पश्चिमेकडून तिरपं येत होतं. मी कोपऱ्याशी गेलो. माझा नारळ जिथं बसला होता, बरोबर तिथं पत्र्यावर लाट होती. हातभर लांब, उन्हात लख्ख दिसणारी. वच्छलालाही दिसली. ती माझ्याकडे बघू लागली. मी जालिंदररावांकडे बघितलं, तर ते समाधानानं हात पुसत होते. सत्तेचाळीस वर्षांत त्यांच्या हातून असा पत्रा बाहेर गेला नव्हता, आणि आता जाणार होता, त्यांच्या नकळत. नेमकी त्याच वेळी धम्मप्रियाची स्कूटी दारात थांबली.

मी घाईघाईनं त्यांच्या कानाशी लागलो. "मी वरून परत देवाचं स्टिकर लावतो. काही दिसणार नाही."

बोललो आणि जीभ चावली.

जालिंदरराव थांबले. "कशाला लावताय स्टिकर?" मग अगदी हळू, "लाट हाय का तितं?"

मी दारातल्या स्कूटीकडे बघितलं.

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा तळवा फिरवला. पुन्हा. मग डावा हात लावला. डोळे घट्ट मिटलेले, ओठ आवळलेले. हाताला काही सापडत नव्हतं. शेवटी ते पुढे वाकले आणि त्यांनी पत्र्याला गाल लावला. दाढीचे पांढरे खुंट पत्र्यावर करकरले. गाल हळूहळू वर सरकत गेला आणि एका जागी थांबला. सापडली होती लाट. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"बाबा," मागून आवाज आला. धम्मप्रिया हातात डबा घेऊन उभी होती. "गालानं का बगताय?"

तिनं डबा खाली ठेवला, बापाचा उजवा हात धरून उलटा केला. फोड फुटून तळव्याचं मांस दिसत होतं.

"कवापासनं?"

"उन्हाळ्यापासनं," जालिंदरराव म्हणाले. पत्रा चोरताना सापडलेल्या माणसासारखे ते उभे होते.

तिनं माझ्याकडे बघितलं. "सर, तुमाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मला वाटलं हुतं, तुमी तरी सांगाल."

एवढंच. मी आयुष्यात शेकडो मुलांना नापास केलं, नापास होणं कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. वाटलं, आता ही शेडला कुलूप लावणार. जालिंदररावांनाही तेच वाटलं असावं, कारण ते शेडमधल्या एकेका वस्तूकडे बघत होते. तिनं त्यांच्या हाताला स्वच्छ फडकं बांधलं. बराच वेळ ती तशीच बसून राहिली, त्यांचा हात मांडीवर घेऊन. मग डोळे पुसले, उठली आणि स्वतःचा तळवा पत्र्यावर ठेवला.

"कुटं हाय?"

जालिंदररावांना क्षणभर कळेचना. मग म्हणाले, "डोळं मीट. हात दाबू नगंस. नुसता जाऊ दे."

तिनं डोळे मिटले. हात सरकला, थांबला. "हितं. आत बसल्यागत लागतंय."

"किती लांब?"

"वीतभर. न्हाय, जास्त."

ते लाकडी हातोडी डाव्या हातात घेऊन वाकत वाकत घरात शिरले. आम्हाला नुसता आवाज. टक. "आता?" आतून विचारलं. "हाय अजून." टक. "आता?" "जरा खाली." टक, टक. बाहेर तिचा हात, आत त्यांची हातोडी, मध्ये तो पातळ पत्रा. वच्छलानं माझी बाही घट्ट धरली होती. ऊन उतरून भिंतीच्या पायाशी आलं तेव्हा धम्मप्रिया म्हणाली, "बाबा, गेली."

जालिंदरराव बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी पत्र्याला हात लावला नाही, गालही लावला नाही. लेकीच्या तळव्याकडे बघितलं आणि मान हलवली.

तिनं त्यांच्याकडून हातोडी घेतली, फडक्यात गुंडाळली आणि आपल्या पर्समध्ये घातली. "उद्या आदी दवाखाना," म्हणाली.

सोमवारी शेड बंद राहिलं. रिबिटं आणि आतला प्लाय पुढच्या दोन दिवसांत धम्मप्रिया कामावरून आल्यावर बसला, आणि आम्ही करमाळ्याला चौथ्या माळेला पोचलो. तिथल्या कमळाभवानीसमोर मी नारळ फोडला, खाली वाकून, दगडावर, अगदी जपून.

जालिंदररावांचं शेड आता फक्त रविवारी उघडतं. बाकीचे सहा दिवस त्यांची हातोडी धम्मप्रियाच्या पर्समध्ये, रक्ताच्या बाटल्यांच्या शेजारी दवाखान्यात असते. रविवारी ती बापाच्या आधी येते, हातोडी काढून त्यांच्या हातात देते आणि पत्र्याशी जाऊन डोळे मिटते.