अंगणातला ट्रॅक्टर

हे मी आजवर कोनाले सांगतलं नाही. पोरीले नाही, देवाले नाही. तुमाले सांगून राहिलो – काहून, ते नका विचारू.

आमी कारध्याजवळचे, वैनगंगेवर मासोळ्या धरनारे. आमच्यासारख्याले मोठा आजार झाला तं सरकारी कार्ड असते – पन नेमकं आपलंच ऑपरेशन त्याच्यात बसत नाही. मंग नागपूरची एक दानवाली संस्था. ते बिल भरते. पन आधी तिचा मानूस गावात येते अन् शेजाऱ्याले विचारते, हे लोकं खरंच गरीब आहेत काय? म्हनजे आपला जीव कोनाच्या हाती? शेजाऱ्याच्या तोंडात!

माहा शेजारी ईश्वर. तलावाच्या ठेक्यावरून आमचं वाकडं होतं. माह्या बायकोचं, रुखमाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तवा तो मानूस आला. आमी दवाखान्यात. ईश्वरनं त्याले माह्या अंगणातली मोटरसायकल दाखवली – "गरीब कायचे? गाडीवर फिरतेत." गाडी माह्या साळ्याची होती, बाप्पा! ईश्वरले पक्कं ठाऊक होतं, तिच्यावरच बसून तो भंडाऱ्याले जात होता. अर्ज नामंजूर झाला. हे त्यानंच मंग पानठेल्यावर हसत सांगतलं.

रुखमाले घरी आनलं. दोन महिने ती भिंतीले टेकून बसली, कारन झोपलं की दम कोंडे. त्या दिवसांत ईश्वरची बायको, शांतावहिनी, रोज येऊन तिची वेनी घालून देत होती. हे सांगनं भाग आहे – नाहीतर माहं पाप तुमाले लहान वाटन.

रुखमा गेली. तेरवीच्या पंगतीत ईश्वर बसला. दोनदा भात मागून खाल्ला. मीच वाढला. वाढताना मनात काय होतं, सांगू? तुही बारी येऊ दे.

आली. सहा वर्षांनी आली. शुगर होतीच त्याले, त्यात तलावात शिंपला लागला अन् पाय काळा पडला. नस मोकळी करनारं ऑपरेशन केलं तं पाय वाचन, असं डॉक्टर बोलले. त्याले लाखानं पैसे. नाहीतर कापा लागन. अन् गंमत पाहा – पाय कापनं फुकट होतं, पाय वाचवनं नाही!

वहिनीनं त्याच संस्थेत अर्ज देला. मानूस आला तं घराले कुलूप. अंगणात ट्रॅक्टर – जावयाचा, धान चुराले, मळनीले आनलेला. मी माह्या ओट्यावर जाळं शिवून राहिलो होतो. त्यानं विचारलं, "हा ट्रॅक्टर यांचाच काय?"

जीभ अडखळली असन, असं वाटते तुमाले? छ्या! मी उठलो, त्याले गार पानी देलं, खुर्ची देली.

"साहेब, अंगन कोनाचं? मंग ट्रॅक्टर कोनाचा असन?"

त्यानं लिहून घेतलं. मी परत जाळ्याले बसलो. इतकं मोकळं मले रुखमा गेल्यापासून वाटलं नव्हतं. खोटं कायले बोलू – आनंद झाला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पाय गुडघ्यावरून गेला. मासोळ्या धराचा डोंगा विकला त्यानं. ईश्वर आता दारात खाटेवर बसून राहते. मी नदीवर निघालो की हाक मारते, "भाऊ, पानी कसं आहे आज?" मी थांबतो, सांगतो. अन् लुंगी जिथी रिकामी पडते तिथी पाहून घेतो. रोज. वहिनी आता भंडाऱ्यात दोन घरची भांडी घासते. तेही पाहतो. तिच्याकडं पाहताना काय वाटते? वाटते. पन थांबलो काय मी?

परवा तिनं बोलावून चहा देला. संस्थेच्या मानसानं फोनवर तिले सांगतलं म्हने, गावातल्याच कोनीतरी ट्रॅक्टर तुमचा आहे म्हनून सांगतलं. नाव नाही घेतलं.

"कोन असन, भाऊजी?" ती रडून राहिली होती. "मुडदा बसवला त्याचा. रुखमाबाई असती तं तिनं शोधून काहाडलं असतं त्याले."

मी चहा संपवला. मंग तिच्यासंगं मीबी त्या मानसाले शिव्या देल्या. मन लावून देल्या.