खिडकीजवळचा लॅपटॉप

सदर इसम सार्वजनिक वाचनालयाच्या संगणक कक्षात सहायक या पदावर कार्यरत असून, कक्षातील सर्व लॅपटॉप विनाविलंब सुरू होतील याची सर्वस्वी जबाबदारी त्याच्यावर राहील.

आम्ही वाचक त्यांना मामा म्हणत असू. लॅपटॉप स्वस्तातले होते आणि त्याच इतमामाने चालत. बटण दाबावं, पंख्याची घरघर ऐकावी, पडद्यावर फिरणारं चक्र बघावं आणि शेजारच्याला मुलीचं लग्न ठरलं का ते विचारावं. आमच्या निम्म्या ओळखी त्या चक्राने करून दिल्या.

भूगोलाच्या निवृत्त बाई खिडकीजवळ बसत. दूरच्या लेकीला पत्र लिहायला यायच्या. लॅपटॉप जागा होईपर्यंत मामांची खुर्ची हळूच तिकडे सरके. बाई नद्यांविषयी बोलत, मामा माना डोलावत. मामांना नद्यांत काडीचा रस नव्हता.

मग कार्यकारिणीने बजावलं, यंत्रं सुधारा, नाहीतर कक्ष बंद. मामांनी पेनड्राइव्हवरून सगळीकडे एक हलकी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. नीट टेकून बसायच्या आत पडदा हजर! कक्ष वाचला, अध्यक्षांनी पाठ थोपटली. बाईंनी पत्र लिहिलं आणि पर्स उचलली.

"छान झालं हो सहायक, आता खोळंबा नाही."

मामांना हुद्द्याने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. त्या गेल्या तेव्हा मामा अजून खुर्ची ओढतच होते.

घरी बहिणीने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "धन्य आहेस! इतक्या वर्षांत एक बाई तुझ्याशी धड बोलत होती, तेही दुरुस्त करून टाकलंस?"

"मग काय करू ताई? जुनी सिस्टीम टाकली तर कक्ष बंद होईल."

"सगळीकडे टाक असं कुणी सांगितलं तुला?"

जुनी टाकायची गरज पडली नाही. नवी सिस्टीम सुरू होण्याआधी पडद्यावर एक पाटी येते आणि ती किती वेळ थांबावी हे ठरवता येतं. मामांनी एकाच लॅपटॉपवर तो वेळ वाढवला. चांगला सढळ हाताने.

"अहो सहायक, हा अडकला वाटतं."

"स्वस्तातला आहे बाई. घेईल जरा वेळ."

"शेजारचाही स्वस्तातलाच ना? तो तर केव्हाच सुरू झाला."

मामांचे कान लाल झाले. "मग... तिकडे बसता का?"

शेजारची खुर्ची रिकामीच होती. बाईंनी पाटी नीट वाचली. थांबायचं नसेल तर कळ दाबा, असं तीत स्वच्छ लिहिलं होतं. बाईंनी चष्मा काढून पुसला, पर्स टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"हं, कुठे होतो आपण? उपनद्यांवर ना?"

बाकी कक्षात बोलणं उरलं नाही. आम्ही यायचो, काम उरकायचो, एकमेकांची नावं विसरत जायचो. खिडकीजवळचा लॅपटॉप मात्र मामा निवृत्त होईपर्यंत सगळ्यात उशिरा सुरू होत असे.