पाणकोंबडीची बदली

मुलगी पाण्यात घसरून पडेल, ही भीती माझ्या डोक्यातून जातच नाही. रोज सकाळी एका लहानशा नदीत गुडघाभर उतरायचं, तिथे रोवलेल्या पट्टीवरची पातळी वाचायची आणि कचेरीला कळवायची, ही तिची नोकरी. तिची घरमालकीण तिला पाणकोंबडीच म्हणते.

शेवटी तिच्या नकळत मी तिच्या साहेबांना गळ घातली, "हिला शहरातल्या कचेरीत घ्या." बदलीचं पत्र उद्या निघतंय.

आणि परवाच मी तिच्याकडे जाऊन आले. ऊन नुसतं भाजत होतं, नदी मात्र गारेगार.

"झऱ्यांचं पाणी आहे, आई. उन्हाळ्यात खालची मोठी नदी हिच्याच जिवावर तगते. शहराला किती पाणी सोडायचं, ते माझ्या आकड्यावर ठरतं."

"आणि तू पडलीस तर?"

"तर पातळी दोन बोटं वाढेल!"

मी हसले आणि शेवाळावरून घसरून मीच धपकन पाण्यात बसले. तिनं मला हात देऊन उठवलं, पण लगेच पट्टीकडे वळली. "हलू नकोस गं, तुझ्या लाटा बसू देत." पाणी शांत झालं, तिनं आकडा लिहिला आणि मगच माझी ओढणी पिळायला घेतली.

या पोरीला मी टेबलाशी बसवायला निघाले होते!

आता रात्रीचे बारा वाजून गेलेत. झोपमोड केली म्हणून ओरडेल, साहेबांचं कळल्यावर तर आणखीच ओरडेल. ओरडू दे. पत्र निघायच्या आत तिला सगळं सांगायलाच हवं. लावतेच फोन.