नवं वाण, नवा वाण

दि. १५ जानेवारी २०२४, सोमवार. त्या वर्षी मकरसंक्रांत चौदा तारखेला नव्हे, पंधरा तारखेला आली होती. कोणतीही जुनी दिनदर्शिका उघडून हे पडताळता येते. त्या दिवशी भांडगावच्या आतल्या अंगाला असलेल्या एका वाडीत जे घडले, त्याला मात्र असा छापील आधार नाही. ते पाहणाऱ्यांच्या सांगण्यावर उभे आहे, आणि सर्वांत जवळून पाहिले ते सुषमाने.

सुषमाचे सासर मूळचे मेंढपाळांचे, आता शेतीवर स्थिरावलेले. ती स्वतः कुरकुंभला औषधांच्या पॅकिंगला जाते. सुट्टी बाजाराच्या दिवशी आली की ती वाडीच्या बाजारतळावर झेंडू विकणाऱ्या सिंधूबाईंच्या पालात टेकायची. सिंधूबाई साठीच्या, गप्पिष्ट, जिभेला तिखट. माहेर भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यातल्या मांडवगणचे. भाकरी खाताना त्या पाण्याला शिवत नाहीत, हे सुषमाच्या ध्यानात आले. निर्जळी उपास असेल, अशी तिची समजूत झाली. भाकरी खाऊन उपास कसला, हा प्रश्न तिला पडायला बरेच बाजार जावे लागले.

"मावशी, कुठल्या देवाचा हो उपास?"

"उपास न्हाई गं बाई, आडोसा न्हाई," सिंधूबाई हार ओवता ओवता म्हणाल्या. "सासूनं पहिल्या बाजाराला बजावलं व्हतं, सकाळपासनं तोंडाला पाणी लावायचं न्हाई. लावलं की पाय बाजारात टिकत न्हाईत. मुतखडा झाला तवा डॉक्टर म्हणला, पाणी प्या. म्हटलं, प्यायचं बी आन् जायचं कुठं, ते बी लिहून द्या."

कंपनीत बायकांसाठी स्वच्छ, वेगळी सोय असलेल्या सुषमाला त्या दिवशी घरी जाताना स्वतःच्या पाण्याच्या बाटलीची लाज वाटली.

'भीमाकाठ मैत्रीण मंडळ' या बोलण्यातून जन्मले, असे सुषमा सांगते. मंडळ त्याआधी हुरडा पार्टीत ठरले होते, असे इतर काहींचे म्हणणे. दोन्ही खरे असू शकते. मंडळाचा एक नियम मात्र सर्वांना सारखाच आठवतो. बैठकीत नाते बाहेर ठेवायचे. जाऊ, नणंद, सासू कोणी नाही, सगळ्या नावाने. चुकेल तिने उखाणा घ्यायचा. सुषमाच्या सासूबाई बयाबाई पहिल्याच बैठकीत फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हण, 'बया, सरक तिकडं.'" सुषमाच्या तोंडून 'सासूबाई'च निघाले. तिच्याइतके उखाणे मंडळात कोणी घेतलेले नाहीत.

या मैत्रिणींनी दिवाळीत चकल्या विकून शाळेतल्या मुलींना बूट घेतले, आजारी बाळंतिणींच्या घरी पाळीपाळीने स्वयंपाक केला, मोतीबिंदूच्या शिबिराला म्हाताऱ्यांना हाताला धरून नेले. मग पुरणपोळ्या, पापड, कुरडया असे जमेल ते विकून आणि स्वतः विटा वाहून त्यांनी बाजारतळाच्या कडेला बायकांसाठी स्वच्छतागृह बांधले. भिंती झाल्या, दार झाले, दाराला कुलूप लागले. कारण पाणी नव्हते. पंचायतीच्या टाकीपासून तिथवर पाइप आणायचा तर तो सोपानरावांच्या रानातूनच येणार होता, आणि सोपानराव पाघळत नव्हते.

"माझ्या उसात पाइप फुटला तर?" हे त्यांचे उघड कारण. पारावर ते दुसरेच बोलत: "आमच्या आया न्हाई बसल्या का बाजारात? त्यांना कवा लागला संडास?" वाडीने त्या बंद खोलीचे नाव सिंधूबाईचा ताजमहाल ठेवले होते. त्यात पंचायतीने कळवले की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत पाणी आले नाही, तर खोली खताच्या गोदामाला द्यावी लागेल. सोपानरावांचे रान ऊस तुटल्याने मोकळे होते; सुरू हंगामातली नव्या उसाची लागण महिनाअखेरीस व्हायची होती. चर खणायचा तर याच दिवसांत, नाहीतर कधीच नाही.

बायकांचा धीर सुटत चालला होता. सिंधूबाई मात्र संक्रांतीचे वाण काय लुटायचे यावरच बोलत होत्या. शेवटी पाण्याच्या बाटल्या ठरल्या. "पाणी न पिणाऱ्या बायकांना बाटल्या?" सुषमाने विचारले. "त्याच्यासाठीच," इतकेच उत्तर मिळाले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिंधूबाईंच्या घरी तिळगुळाची तयारी चालली होती. सुषमा मिक्सरवर तीळकूट करत होती. ओसरीवर सिंधूबाई फोनवरून, देवळाच्या भोंग्यावर दवंडी देणाऱ्या ईश्वरला निरोप सांगत होत्या. मिक्सर घरघरत होता. तो थांबला तेव्हा सुषमाच्या कानी शेवटचे तुकडे पडले: "टिकाऊ हाय म्हणावं, पाण्याचा प्रश्न मिटवणार हाय म्हणावं." थोड्या वेळाने भोंगा वाजला. ईश्वरचा आवाज रानोमाळ पोचला: "उद्या दुपारी बाजारतळावर मैत्रीण मंडळातर्फे नवा वाण वाटण्यात येणार हाय. टिकाऊ वाण, पाण्याचा प्रश्न मिटवणारा. समद्यांनी यावं."

हळदीकुंकवाला लुटतात ते वाण. पेरतात, लावतात तो वाण. मराठीत एका कान्याचा फरक. वाडीत त्या कान्यावर उसाचे मळे उभे आहेत. लागणीच्या तोंडावर कमी पाण्याचा नवा वाण फुकट मिळणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? कोणीतरी ती दवंडी फोनमध्ये भरून ऊसवाल्यांच्या ग्रुपवर टाकली, आणि रातोरात ती नदी ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुषमा हळदीकुंकवाचे ताट घेऊन बाजारतळावर आली, तर तिथे मोटारसायकली, दोन-तीन ट्रॅक्टर आणि टोप्यांची दाटी. काळ्या साड्यांमधल्या बायका कोपऱ्यात दबून उभ्या. रांगेत सर्वांत पुढे, हातात रिकामे पोते घेऊन, सोपानराव.

सुषमाला धोका दिसला. एवढे पुरुष हिरमुसले, तर पाइप राहिला बाजूला, मंडळाचेच हसे होणार होते. सिंधूबाई मात्र पदर खोचून पुढे झाल्या. तिळगूळ सोपानरावांच्या तळहातावर ठेवला आणि वर एक निळी बाटली दिली.

"हे काय?"

"वाण, आबा."

"उसाचा कुठाय?"

"उसाचा कंपनीवाले देत्यात. हे हळदीकुंकवाचं."

रांगेच्या मागून हसण्याची लाट आली. सोपानरावांनी बाटली परत करायला हात पुढे केला. बयाबाई ओट्यावर बसल्या होत्या. या मंडळाच्या हळदीकुंकवाला कुंकवाची अट नव्हती, त्यामुळे विधवा असूनही त्या मानाने पुढे होत्या. "वाण माघारी द्यायचं नसतंय, आबा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आन् वाण खोटी न्हाई. हाय की, पाण्याची वाण, पाण्याची टंचाई. त्या कुलपाच्या आत."

पलीकडून आलेल्यांत आनंदराव नावाचे मांडवगणचे बागायतदार होते. त्यांनी विचारले, "कसलं कुलूप?" मग सिंधूबाईंनी सांगितले. आवाज न चढवता, बाजारात पाणी न पिण्यापासून गोदामापर्यंत सगळे. सोपानरावांचे नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना आपोआप तिकडे वळल्या.

आनंदरावांनी टोपी नीट केली. "म्हंजी मी नदी वलांडून बाटली न्यायला आलो. घरी काय सांगू?"

"सांगा, आपल्या गावच्या सिंधीनं वाण दिलं."

"कुणाची सिंधी तू?"

सिंधूबाईंनी वडिलांचे नाव सांगितले. आनंदराव हसायचे थांबले. "मंग तू आमची माहेरवाशीण. संक्रांतीला लेकीचं वाण घेऊन मोकळ्या हातानं जाऊ व्हय? बोल, माहेरानं काय द्यायचं?"

"पाणी."

"पोरांनो, चर खणायचं यंत्र कुणाच्या ट्रॅक्टरला जोडतंय?" आनंदरावांनी मागे वळून विचारले.

आता मात्र सोपानरावांचा चेहरा लाल झाला. "थांबा. रान माझं, आन् चर मांडवगणचे खणणार? आम्ही काय बांगड्या भरल्यात?"

"भरा की," सुषमाच्या तोंडून निघून गेले, "मागल्या संक्रांतीच्या वाणातल्या उरल्यात आमच्याकडं."

सर्वांआधी हसल्या त्या बयाबाई. मग सोपानरावही हसले, आधी मिशीतल्या मिशीत, नंतर उघड. त्यांनी पोते खांद्यावर टाकले. "उद्या या रानात. पण खोल घाला. नांगराचा फाळ लागला तर तुम्हीच भराल."

"खोलच घालू, आबा," सिंधूबाई म्हणाल्या. "आता वर काढायचा न्हाईच."

चर खणला गेला तेव्हा एका कडेने मांडवगणची माणसे होती, दुसऱ्या कडेने वाडीची, आणि कोण आधी मध्यावर पोचते यावर पैज लागली होती. बायका भाकऱ्या घेऊन बांधावर बसून दोन्हीकडच्यांना सारख्याच टोमण्यांनी चेपत होत्या. ग्रामसभेच्या आत नळाला पाणी आले. गोदामाचा विषय निघाला तेव्हा सोपानरावांनीच तो मोडून काढला: "तिथं पाणी हाय. माझ्या रानातनं गेलंय."

त्यानंतरच्या बाजाराला सिंधूबाई नेहमीप्रमाणे झेंडूच्या राशीमागे बसल्या. ऐन गर्दीत त्यांनी निळी बाटली उघडली, मान मागे टाकली आणि ती रिकामी होईपर्यंत तोंडाची काढली नाही. भाजीवाल्या, मिरचीवाल्या, शेजारच्या पालातल्या साऱ्या बघत राहिल्या. मग एकीने बाटली उघडली, मग दुसरीने. "सुषमे, गल्ला बघ जरा," सिंधूबाई म्हणाल्या आणि हनुवटी वर करून, घाई न करता, बाजारतळ ओलांडून गेल्या. दाराला कुलूप नव्हते.

स्वच्छतागृह आजही चालू आहे आणि त्याची सफाई मंडळ पाळीने करते. हे कोणीही जाऊन पाहावे. अनिश्चित आहे ते एवढेच. आपल्याला 'नवा वाण' असेच सांगण्यात आले होते, असे ईश्वर शपथेवर सांगतो. सिंधूबाई म्हणतात, "मी दुसरी पास. मला काना-अनुस्वार कुठला कळतोय?" सुषमा जवळ होती, पण मिक्सर चालू होता. त्या फोनवर सिंधूबाई 'नवं' म्हणाल्या की 'नवा', हे कळलेले नाही.