बुडबुडा आलाच नाही

मंडळी, पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं पितळी व्हॉल्व्ह बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. मुक्त व्यापार करार झाला तेव्हा याच ग्रुपवर तुम्ही माझं अभिनंदन केलं होतं. "ताई, आता तुमचा माल परदेशात जाणार."

आज दुपारी आमचे जुने गिऱ्हाईक, वाशीचे शेठ, त्या करारातल्या देशातूनच आलेला व्हॉल्व्ह घेऊन आले. आयात ड्युटी उठल्यापासून तो आमच्यापेक्षा स्वस्त पडतो. म्हणाले, "मॅडम, जरा टेस्ट करून द्या."

आमच्याकडे टेस्टिंग दिघ्याचे जाधवकाका करतात. व्हॉल्व्हमध्ये हवा भरून तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा. बुडबुडे आले की माल रिजेक्ट. मशीन सोडून सगळे टाकीभोवती जमले. खोटं कशाला बोलू, एक तरी बुडबुडा येऊ दे म्हणून मी मनात देवाला विनवत होते.

एकही आला नाही.

काकांनी व्हॉल्व्ह पुसला आणि पास झालेल्या मालावर रोज मारतात तसा आमच्या नावाच्या शिक्क्याचा पंच त्यावर ठोकला. हात सवयीने चालला. लक्षात आलं तेव्हा हातोडी तशीच धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

शेठ मात्र खूश. "बस, हेच पाहिजे. माल मी आणतो, तुम्ही फक्त टेस्ट करून शिक्का मारा. तुमच्या नावावर लोकांचा विश्वास आहे."

उद्या त्यांना उत्तर द्यायचंय. शिक्का मारायला एक माणूस पुरतो. टाकीभोवती आज माझे नऊ कामगार उभे होते.

तेव्हा अभिनंदन करणाऱ्यांनो, बाकीच्या आठ जणांना काय सांगू, तेवढं खाली लिहा.