गुण कमी पडतात

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, कोण बसतं, कोण नाही, हे सांगायचं माझं डोंबिवलीत छोटं ऑफिस आहे. जवळच्या मोहने गावातला एक इंजिनिअर दर वर्षी वाढदिवस झाला की यायचा. कुणी सांगितलेलं नसताना चपला बाहेर काढायचा आणि पिशवीतली फाइल दोन्ही हातांनी पुढे करायचा. "सर, एकदा मोजा ना."

वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी. गुण दर वेळी पुरेसे भरायचे. मग तो माझ्यासमोरच घरी फोन लावायचा. "आई, नाही जमत गं. गुण कमी पडतात. तू जेवून घे." फोन ठेवून ओशाळं हसायचा. मला ते खोटं आवडायचं नाही, पण मी कधी बोललो नाही.

यंदा तो टोपी घालून आला. खुर्चीत बसून टोपी काढली, तर डोकं भादरलेलं. आई गेली, हे त्याला सांगावं लागलं नाही.

"आता मोजा सर. आता खरंच जायचंय."

चाळिशी उलटली तशी वयाचे गुण घसरले होते. मी दोनदा मोजलं.

"गुण कमी पडतात," मी म्हणालो.

त्याचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला आणि तिथेच राहिला.