दाब कुठे मोजला?

दारूगोळा तपासणीच्या प्रयोगशाळेत नव्या साहेबांनी एकाच मापाच्या पिस्तुलाच्या गोळ्यांचे दोन अहवाल शेजारी ठेवले होते. एक लष्करी मानकाचा, दुसरा बाजारातल्या गोळीचा.

"झाडताना काडतुसात होणारा दाब हिचा कमी आहे, बाजारातली गोळी सौम्य दिसते," साहेब म्हणाले.

"आकड्यांची अशी तुलना करू नका, साहेब," दाब मोजणाऱ्या जाधवबाई म्हणाल्या. "लष्कराच्या चाचणीत दाब काडतुसाच्या तोंडाशी मोजतात, या बाजारवाल्यांनी काडतुसाच्या मधोमध मोजलाय. जागा बदलली की आकडाही बदलतो."

साहेबांनी मान डोलावली आणि बाईंचा रजेचा अर्ज उचलला. नवरा रुग्णालयात होता.

"इतकं गंभीर आहे? तुम्ही तर रोज हसत असता."

"इथं हसते, साहेब."

आपण माणसाला जिथं भेटतो, तिथलाच आकडा धरून चालतो. साहेबांनी पुन्हा एकदा त्या दोन अहवालांकडे पाहिलं आणि अर्जावर सही केली.